पावती मिळाली तरी ती लाचच

प्रश्न : मी एम.ए. (अर्थशास्त्र), सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मानधन घेऊन, शिकवतो. यंदा पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत झाली आणि निवड यादीत माझं नाव पहिलं आहे. आता संस्थेचे एक पदाधिकारी म्हणतात, ‘इमारत निधीला काही लाख द्या, रीतसर पावती देतो, मग नियुक्तीची ऑर्डर काढू. नाहीतर पीएच.डी. झालेला दुसरा उमेदवार तयार आहे.’ बायकोचे दागिने मोडावेत का?

उत्तर : मोडू नका. पगार सरकार देणार आणि ऑर्डरची किंमत संस्था ठरवणार, हा धंदा आपल्याकडे इतका रुळलाय की पावतीचं आमिषही बिनदिक्कत दाखवलं जातं. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ नुसार लोकसेवक ठरतो. पैसे स्वतःसाठी मागितले की संस्थेसाठी, याने त्याची सुटका होत नाही. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. बळजबरीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. तुम्ही अजून काही दिलेलं नाही, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. नुसती मागणी हाही गुन्हा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा; पडताळणी आणि सापळा ते पाहतील.

फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं असेल, तर तो मोबाइल विकू नका, रीसेट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली क्लिप कोर्टात लंगडी पडते. मूळ उपकरण हजर करावं लागतं, किंवा प्रत दिली तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

पीएच.डी.ची धमकी मनावर घेऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार या पदाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट पुरते. मात्र तासिकांच्या वर्षांवर दावा उभारू नका. त्यातून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

निवड यादीत नाव आलं म्हणजे नोकरी हक्काची झाली असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने शंकरसन दाश प्रकरणात (१९९१) तेच म्हटलं, पण मनमानीने डावलता येणार नाही, असंही बजावलं. म्हणून आजच महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठ, दोन्हीकडे माहिती अधिकारात अर्ज टाका : निवड समितीचा अहवाल, गुणतक्ता, मान्यतेचा प्रस्ताव. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

दुसऱ्याला ऑर्डर निघालीच, तर विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे जाऊ नका. तिथलं अपील बडतर्फी, पदावनती अशा बाबींसाठी, म्हणजे नोकरीत असलेल्यांसाठी असतं. तुमचा मार्ग उच्च न्यायालयातली रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) आहेत, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. पण उशीर नको. नवा माणूस रुजू होऊन दोन सत्रं शिकवून झाला, की न्यायाधीशांचा पहिला प्रश्न ‘इतके दिवस कुठे होता?’ हाच असतो.