पद नसताना सुधारणा कशी करायची?

रुग्णालयात नव्याने नोकरीला लागलेले डॉक्टर माझ्याकडे येतात, तेव्हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : चुकते आहे हे दिसते, पण हातात अधिकार नाही, आणि व्यवस्था सुधारण्याच्या मागे लागलो, तर डॉक्टरकी सुटेल का? कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या एका तरुण डॉक्टरची हकीकत तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते.

ती एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात कनिष्ठ डॉक्टर होती. एका रात्री बाळंतपणानंतर एका बाईचा रक्तस्राव एकाएकी वाढला आणि गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची आणखी इंजेक्शने लागली. हे औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, म्हणून ते फ्रिजमध्ये होते. फ्रिजला कुलूप होते. आणि सलाईनच्या नळीला बांधलेली त्याची किल्ली पाळी संपवून गेलेल्या सिस्टरच्या पर्समधून घरी गेली होती. शेजारच्या वॉर्डातून औषध येईपर्यंत ही मुलगी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरून उभी राहिली. बाई वाचली. सकाळी वरिष्ठांना सांगितले, तर ते म्हणाले, "तुम्ही तुमचे पेशंट बघा." नोकरी सोडून हॉस्पिटल व्यवस्थापन शिकायचे तिने ठरवले, तेव्हा वडिलांनी विचारले, "वह्याच भरायच्या होत्या, तर डॉक्टर कशाला झालीस?"

मला मात्र तिचे दुसरेच एक वाक्य खटकले. "एकदा अधिकार हातात येऊ दे, मग एकेकाला बघते," असे ती म्हणाली होती. तिचा संताप खरा होता आणि तो विझावा असे मला मुळीच वाटत नव्हते. पण तो किल्ली नेणाऱ्या सिस्टरवर रोखलेला होता, आणि किल्ली कोणाकडे राहावी हे कोणीच ठरवलेले नव्हते, ही गोष्ट त्या संतापात झाकली गेली होती.

मी तिला व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची गोष्ट सांगितली. १८४७ मध्ये त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाने, होणारे मृत्यू झपाट्याने घटले. पण स्वतःचा सविस्तर ग्रंथ त्यांनी थेट १८६१ मध्ये काढला आणि विरोधकांना उघड पत्रांतून खुनी ठरवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते, तरी त्यांच्या हयातीत ते सर्वमान्य झाले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग मी विचारले, "डॉक्टर, त्या रात्री औषध हातात यायला किती मिनिटे लागली?" तिला सांगता येईना.

तेव्हा तेवढेच काम ठरले. पदवीचा विचार बाजूला ठेवून आधी महिनाभर मोजायचे, तेही त्याच सिस्टरला सोबत घेऊन. पहिल्या दिवशी तिने सिस्टरला दोष न देता, "रात्री तुमची अडचण काय होते?" एवढेच विचारले. तेव्हा कळले की पूर्वी औषधे कमी भरली होती, त्याचा जाब सिस्टरला एकटीला द्यावा लागला होता आणि तेव्हापासून ती किल्ली जिवापाड जपत होती. दोघींनी मिळून तातडीच्या औषधांची यादी केली, पाळी बदलताना औषधे आणि किल्ली दोन्ही मोजून ताब्यात द्यायची, असे ठरवले आणि दर आठवड्याला सराव करून घड्याळ लावले. कागदावरचे आकडे पाहिल्यावर वरिष्ठांनीच तो कागद विभागाच्या बैठकीत मांडायला सांगितला.

अशा डॉक्टरांना मी आवर्जून सांगते की सरकारी प्रसूतिगृहांसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' हा गुणवत्ता कार्यक्रम आहे. तुमच्या रुग्णालयात गुणवत्ता समिती असेल, तर तिच्यात काम मागा. सार्वजनिक आरोग्य किंवा रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी पुढे घ्यावी, ती उपयोगी पडतेच. पण वॉर्डातला एक प्रश्न शेवटापर्यंत नेऊन पाहिल्यावर त्या वर्गात काय विचारायचे ते कळते.

ती नोकरीतच राहिली आणि आता स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करते आहे. गेल्या भेटीत तिची काळजी वेगळी होती : आपण गेल्यावर ही मोजणी कोण करणार? हाच प्रश्न तिने सिस्टरला विचारला, तेव्हा सिस्टरने पाळीच्या रजिस्टरमध्ये स्वतः आखलेला नवा रकाना दाखवला. त्यात आदल्या तीन रात्रींच्या सह्या होत्या आणि त्यांतली एकही हिची नव्हती.