पटावरच्या शंका : हे शेत कुणाचं?

प्रश्न : वर्षभर मोबाइलवर ‘कार्कासोन’ हा चौकोनी टाइल्स जोडून रस्ते, शहरं, शेतं मांडायचा खेळ खेळतोय. अनोळखी भिडूंना बऱ्यापैकी हरवतो. दिवाळीत हौसेनं खरा डबा आणला आणि भाऊ, वहिनी, पुतणीला घेऊन डाव मांडला. शेवटी शेतांचे गुण मोजताना असा घोळ झाला की डाव तसाच गुंडाळला. पुतणी म्हणाली, “काका, तुम्हाला येतच नाही हे.” मला खेळ येतो की नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : खेळ येतो हो, नियम येत नाहीत. ऑनलाइन शिकलेल्या निम्म्या लोकांचं असंच होतं. शनिवारी ठाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये डबे उघडले की असा एखादा पट्टीचा खेळाडू हमखास येतो. चाली झकास करतो, आणि गुण मोजायची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघतो.

मोबाइलवर टाइल हातात आली की ती कुठे बसते त्या जागा आपोआप उजळतात. चुकीच्या जागी ठेवायची सोयच नाही. शहर पुरं झालं की गुण पुढे सरकतात, त्यावर बसवलेला माणूस, म्हणजे आपलं प्यादं, परत हातात येतो. तुम्ही फक्त निवड करायची, बाकीची कारकुनी यंत्र करतं. घरी ती कारकुनी कुणीतरी करावी लागते, आणि डबा ज्याचा तो कारकून हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे.

तुमचं घोडं अडलंय ते शेतांपाशी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : फ्रान्समधल्या कार्कासोन या तटबंदीच्या गावावरून नाव घेतलेला हा खेळ क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा. २००० साली आला आणि २००१ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. ७२ टाइल्स. आपल्या पाळीला एक उचलायची, आधीच्या टाइल्सना जुळवून ठेवायची, वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस बसवायचा. रस्त्यावर, शहरात किंवा मठात तो उभा राहतो. शेतात मात्र आडवा झोपवायचा, आणि एकदा झोपला की डाव संपेपर्यंत उठत नाही.

आता मोजणी. शेवटची टाइल पडली की शेतांना हातच लावू नका. आधी अपुरे रस्ते, अपुरी शहरं, अपुरे मठ मोजा आणि त्यांच्यावरची उभी माणसं उचलून घ्या. पटावर फक्त झोपलेली उरली पाहिजेत. मग एका शेतकऱ्यावर बोट ठेवा आणि हिरव्यातून सरकवत न्या. रस्ता आडवा आला, थांबा. शहराचा तट आला, थांबा. टाइल बदलली तरी हिरवं सलग असेल तर बोट पुढे जातंच. चौकात रस्ते एकमेकांना भिडतात तिथे शेत तुटतं. पण मठापाशी रस्ता येऊन संपतो तिथे शेत मठाला वळसा घालून पलीकडे जातं. बहुतेक भांडणं या मठामागच्या हिरव्या पट्टीवरूनच होतात. तुमचंही त्यावरूनच झालं असणार, पैज लावते.

बोट फिरताना ज्या पूर्ण झालेल्या शहरांच्या तटाला लागलं त्या प्रत्येकाचे ३ गुण. ते मिळतात त्या शेतात ज्याचे शेतकरी सर्वांत जास्त त्याला. संख्या सारखी असेल तर दोघांनाही पूर्ण, निम्मे नाहीत. अर्धवट शहराचं शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. बोट दुसऱ्याचं असावं, म्हणजे मोजणाऱ्यावर संशय येत नाही. आमच्याकडे हे काम सगळ्यांत लहान भिडूकडे असतं. पुतणीला द्या, तिची तक्रार मिटेल.

वहिनींसोबतचा पुढचा डाव शेताशिवाय खेळा. अलीकडच्या डब्यांतल्या पुस्तिकेत शेतकऱ्यांचा नियम जादाचा म्हणून वेगळाच दिलेला असतो, तेव्हा हा काही रडीचा डाव नव्हे.

आणखी एक, न विचारता सांगते. ऑनलाइन मुरलेले खेळाडू मुद्दाम अशी फट तयार करतात की तिथे बसणारी टाइल शिल्लकच नसते. मग समोरच्याचा माणूस शेवटपर्यंत त्या अपुऱ्या शहरात अडकतो. नियमात बसतं. अनोळखी माणसाशी जरूर करा. भावाच्या घरी भाऊबीजेला करू नका.

प्रश्न : मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. व्हिडिओ कॉलवर “जेवलीस का” आणि “थंडी किती” झालं की बोलायला काही उरत नाही. एकत्र खेळता येईल असं काही? आम्ही दोघं साठीच्या पुढचे आहोत. – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ‘बोर्ड गेम अरेना’ ही फ्रेंच साइट २०१० पासून चालू आहे. ब्राउझरमध्येच चालते, काही उतरवून घ्यावं लागत नाही, आणि बरेचसे खेळ फुकट आहेत. काही खेळांचं टेबल उघडायला पैसे भरलेलं खातं लागतं, पण मुलीनं भरले आणि तिनं टेबल मांडलं की तुम्ही दोघं तसेच जाऊन बसू शकता. मुलीला सांगा, वाढदिवसाला साडी नको, हे दे.

थेट खेळता येतं, किंवा सवडीनं. जर्मनीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतं, त्यामुळे मी सवडीचा प्रकार सुचवीन. दिवसाला एक चाल अशी मुदत लावता येते. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, आमचा ‘अझूल’ या रंगीत टाइल्सच्या खेळाचा एक डाव असा सतत चालू असतो. सकाळचा चहा गाळते तोवर त्याची चाल आलेली असते. कधी नुसती चाल, कधी सोबत एक ओळ : “मावशी, निळ्या सोड ना!” त्याला काय चाललंय हे मला या ओळींतून जास्त कळतं. मागे दोन दिवस चाल आली नाही म्हणून फोन केला, तर गडी तापानं आडवा होता आणि बहिणीला त्यानं सांगितलंच नव्हतं.

एका वेळी एकच डाव ठेवा. पाच-सहा उघडले की आपण कुठे काय ठरवलं होतं ते आठवत नाही आणि चाल म्हणजे उरकायची टपाल होते.

प्रश्न : सासूबाई रमी आणि बदाम सातमध्ये कुणाला ऐकत नाहीत. वय ७४, इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना नवे खेळ जमतील? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : रमी लावणाऱ्या बाईला काय जमणार नाही? कोणता पत्ता कुणी उचलला हे ज्या लक्षात ठेवतात, त्या तुम्हालाच जड जातील.

वर उल्लेख आलेला ‘अझूल’च आणा. मिखाएल कीस्लिंग यांचा हा खेळ २०१७ चा, आणि टाइल्सवर एक अक्षर नाही. पाच प्रकारच्या वीस-वीस चकचकीत टाइल्स, पिशवीत हात घालून काढायच्या. गोल तबकड्यांवर चार-चार मांडायच्या, एका तबकडीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या घ्यायच्या, उरलेल्या मध्ये ढकलायच्या. जास्त झाल्या आणि रांगेत बसल्या नाहीत तर गुण कापले जातात. नको असलेला पत्ता गळ्यात पडतो तेव्हा काय वाटतं ते सासूबाईंना ठाऊकच आहे. हा खेळ मोबाइलवर शिकवू नका. टाइल्स हातात खुळखुळवण्यात अर्धी मजा आहे, पडद्यावर ती नाही.

दुसरा सुचवते तो ॲलन मून यांचा ‘तिकीट टू राइड’. आपल्या तिकिटावरची गावं पटावर रेल्वेनं जोडायची. त्याचा भारताचा नकाशा वेगळा मिळतो, १९११ सालच्या रेल्वेचा. मात्र आगगाड्या आणि पत्ते मूळ डब्यातले लागतात, नुसता नकाशा आणून भागत नाही. अडचण एकच : तिकिटावरची गावं इंग्रजीत, आणि तिकीट तर लपवायचं असतं. “हे कुठलं गं?” म्हणून त्यांनी तुम्हाला दाखवलं की संपलंच. तिकिटं प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि वरून मार्करनं मराठी नावं लिहा. सगळ्याच तिकिटांवर, पुढच्या बाजूला. मागून काही कळता कामा नये.

आणि त्यांना लिंबूटिंबू म्हणून मुद्दाम जिंकू देऊ नका. लगेच ओळखतील, आणि पुन्हा बसणार नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात पत्त्यांच्या पन्हाळी होतात. काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाकिटं घाला, आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या डब्यात टाका. वाकलेले पत्ते गठ्ठ्यानं जाड पुस्तकाखाली ठेवा, उन्हात नको, रंग जातो. कॅरमची पावडर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, काळ्या पत्त्यांवर ती जन्मभर दिसते. आणि भजी पट आवरल्यावर.