बागेतला ‘कांचा’ आणि मंडळातली पोरं

रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीच्या मंडळाचे सल्लागार, निवृत्त शिक्षक, माझ्याकडे प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मंडळात 16 ते 24 वयाची 22 मुलंमुली. पोरांनी इतर समाज जवळून बघावेत, चार घरी जावं-यावं, असं सरांच्या मनात. पालकांचं म्हणणं मात्र असं, की आपलं धड येत नाही आणि दुसऱ्याचं कशाला? आहे तेही विसरतील. तिकडे खाल्लं-प्यायलं तर? आणि बैठकीत कोणी बोललं नाही ते एका आईने सरांना बाजूला घेऊन विचारलं, “माझी पोर सतरा वर्षांची. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

ही काळजी बऱ्याच मंडळांतून ऐकू येते. तिला मागासलेपणा म्हणून उडवून लावलं की पालक गप्प होतात आणि पुढच्या बैठकीला मुलगीच येत नाही.

मंडळाने एक प्रयत्न करून पाहिला होता. 26 जानेवारीला वेशभूषा. कोणी पंजाबी झालं, कोणी काश्मिरी, आणि एक जण गुरखा: शिट्टी, काठी, तिरकी टोपी, मोडकं हिंदी. हशा पिकला. मागच्या रांगेत आंब्याच्या बागांत राखणीला असलेली दोन नेपाळी कुटुंबं बसली होती. ती उठून गेली, आणि सरांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. वेशभूषेची गोम हीच. ज्याची नक्कल करायची त्याला कोणी विचारत नाही, आणि करणाऱ्याला कपड्यांपलीकडे काही शिकावं लागत नाही.

सरांचा पुढचा बेत सहलीचा होता. अलिबागच्या इस्रायल आळीतलं बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, प्रार्थनास्थळ, पोर्तुगीज वळणाची बोली जपणारं कोर्लई, पिंगुळीचे, चित्रं दाखवत कथा सांगणारे ठाकर चित्रकथी. ही ठिकाणं जरूर बघावीत, पण सुरुवात तिथून नको. सहलीत पोरं बसमध्ये आपापसातच बोलतात, फोटो काढतात, परत येतात. आणि इथे तर परकी भाषा, परके सण वाडीच्या गडग्यापलीकडेच राहायला होते. म्हणून सुरुवात बागेतल्या त्या दोन नेपाळी घरांपासून करायची ठरली.

दोन समाजांच्या भेटीने मन कधी मोकळं होतं, याच्या चार अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडल्या. नातं बरोबरीचं असावं, काम दोघांना हवंसं असावं, ते एकमेकांच्या मदतीने व्हावं, आणि वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. इथे पहिलीच अट अवघड, कारण ही माणसं मंडळातल्याच काही मुलांच्या वडिलांकडे पगारावर होती. म्हणून परवानगी दोनदा घ्यायची ठरलं. बागायतदाराची वेगळी, आणि तो समोर नसताना त्या कुटुंबांची वेगळी. मालकाच्या देखत विचारलं तर ‘नाही’ म्हणायची सोयच उरत नाही. वेळही त्यांनी सांगितली तीच: रविवारी दुपारी, 40 मिनिटं. सकाळी फवारणी, रात्री राखण.

काम शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दोन्ही घरांतली मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जायची आणि मराठीला अडखळायची. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. तेव्हा 100 शब्दांची नेपाळी-मराठी वही करायची, दर रविवारी 20 शब्द, पाच रविवार. अर्धी वही त्यांच्याशिवाय भरणारच नव्हती.

एका वेळी चारच जण, सोबत मंडळातल्या एक काकू. पहिल्या दोन भेटींत मोबाइल पिशवीत. पगार, जात आणि “तिकडे काय खाता?” हे विषय बंद. “लहानपणी या सणाला तुम्ही काय करायचात?” हा प्रश्न चालतो, कारण त्याचं उत्तर देताना माणूस पाहुणा राहत नाही, जाणकार होतो. खाण्याचं आधीच ठरवून घेतलं: हवं तर घ्यावं, नको तर “मी हे खात नाही, पण करायचं कसं ते दाखवा” म्हणावं. नाक मुरडून पोट बिघडल्याची सबब सांगितली, तर ती घरातल्या बाईला बरोबर कळते.

पहिल्याच रविवारी वही ‘कांचा’ या शब्दावर अडली. अख्खी वाडी त्यांच्यातल्या एका राखणदाराला याच नावाने हाक मारायची. नेपाळीत कान्छा म्हणजे धाकटा. थोरला तो जेठा, दुसरा माइला, तिसरा साइँला. आणि हा माणूस घरातला थोरला! पोरं त्याला ‘दाइ’ म्हणू लागली, म्हणजे दादा.

तिसऱ्या भेटीत बिनसलं. एका मुलाने चांगल्या मनाने घरातले जुने कपडे नेले. घेतले त्यांनी, हसून घेतले, पण त्या दिवशी शब्द सातच झाले आणि पुढच्या रविवारी “आज काम आहे” असा निरोप आला. देणारा आणि घेणारा झाले की बरोबरी तिथेच मोडते. सरांना माफीचं भाषण करायचं होतं, ते थांबवलं. त्याऐवजी मंडळाने त्यांच्याकडे काहीतरी मागावं असं सुचवलं. दाइच्या धाकट्या भावाकडे मादल होता, गळ्यात आडवा अडकवून दोन्ही हातांनी वाजवायचा ढोल. मंडळात नमनाचा, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचा, मृदंग वाजवणारा एक मुलगा. तो एकटाच ठेका शिकायला गेला. आठवड्याने वही पुन्हा उघडली.

सतरा वर्षांच्या मुलीच्या आईचं काय? तिला पटवत बसायचं नाही, तिलाच आधी न्यायचं. नेमकी दिवाळी आली, त्यांचा तिहार. आई सेल रोटी शिकायला गेली: रात्रभर भिजवलेले तांदूळ वाटायचे, साखर-तूप घालून घट्टसर पीठ करायचं आणि हाताने कड्याच्या आकारात तेलात सोडायचं. तिची पहिली चार कडी तुटली. वाटण फार पातळ झालं होतं. घरी आल्यावर तिने मुलीला एवढंच बजावलं, की काकूंसोबत जा आणि उजेडात परत ये. खरी धास्ती मुलीने परक्या घरी जाण्याची नव्हती, त्या घरात काय चालतं ते ठाऊक नसण्याची होती.

‘आपलं विसरतील’ या भीतीचं वेगळंच झालं. तिहारात त्यांच्याकडे देउसी-भैलो म्हणत पोरं दारोदार गातात. हे ऐकून मंडळातल्या मुलाने सांगितलं, आमच्या शिमग्यात खेळे, म्हणजे नमन करणारी मंडळी, असेच घरोघर जातात. त्यावर धाकट्या भावाने विचारलं, तुमचा तो काळ्या अंगरख्याचा, उंच टोपीचा संकासूर कोण? चौघांपैकी एकालाही धड सांगता आलं नाही. त्या आठवड्यात चौघे वाडीतल्या जुन्या खेळ्याच्या पडवीत जाऊन बसले. याआधी कोणी पाठवलं असतं तरी ते तिथे गेले नसते.

बावीसपैकी शेवटपर्यंत नऊ जण टिकले. दोघांनी “गुरख्यांची शाळा” म्हणून टिंगल केली आणि ती आजही करतात. शिमग्याला पालखी बागेतल्या खोपटीवरही न्यावी, असं मुलांनी गावकीत मांडलं. मानकरी म्हणाले, यंदा नको, पुढच्या सालाला बघू. तिथे हट्ट धरू नका, असं मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. नमनात मात्र मृदंगाशेजारी मादल वाजला, आणि दाइची माणसं पुढच्या चटईवर बसली होती.