तिसरं पान कुठे आहे?

प्रश्न : मी कॉमिकच्या संहिता लिहितो. ऑगस्ट २०२२ मध्ये एका प्रकाशकाशी चार अंकांचा करार केला आणि जानेवारी २०२३ पर्यंत चारही संहिता दिल्या. पहिले दोन अंक छापले, त्यांचं मानधन मिळालं. तिसरा आणि चौथा ना चितारले गेले, ना छापले, पैसेही नाहीत. वाचक पुढची गोष्ट मागतात, म्हणून चारही संहिता पीडीएफ करून फुकट वाचायला द्यायच्या आहेत. प्रकाशक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कोर्टात खेचू’ म्हणतो. नायक माझाच, २०१९ पासून माझ्या फेसबुक पानावर आहे. करारात ‘ऑनलाइन’ हा शब्दच नाही, म्हणजे ते हक्क माझेच ना? कराराची पानं जोडली आहेत. मी काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘पृष्ठ २/३’ असं स्वच्छ छापलंय. तिसरं पान कुठे आहे? सही करून कागद प्रकाशकाच्या हवाली करायचे, मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवायचे आणि तीन वर्षांनी वकिलाला विचारायचं, हा प्रकार कवींपासून मालिकांच्या लेखकांपर्यंत सगळ्यांचा आहे. मुदत, ‘इतर अटी’ आणि सह्या शेवटच्या पानावर असतात आणि नेमकं तेच कोणाकडे नसतं. तुमचं सगळं प्रकरण त्या पानावर अडकलंय.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९, पोटकलम ४. ज्याला हक्क दिले त्याने ते हस्तांतरणाच्या तारखेपासून एका वर्षात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागत नाही. पण पोटकलमाच्या शेवटी एक शेपूट आहे : करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर. प्रकाशकांच्या तयार मसुद्यांत हे शेपूट बरोबर पकडलेलं असतं. ‘कलम १९(४) या करारास लागू होणार नाही’ किंवा ‘हक्कांचा वापर न झाल्यास ते लेखकाकडे परत जाणार नाहीत’ अशी एक ओळ, बहुतेकदा बारीक टायपात. ती ओळ तिसऱ्या पानावर असेल, तर आज एकही संहिता वर चढवू नका. नसेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या संहिता तुमच्याकडे परत आल्या आहेत, असं मी म्हणेन.

तारखा मोजताना चूक करू नका. करारावर सही झाली तेव्हा संहिता लिहून व्हायच्या होत्या. अस्तित्वात नसलेल्या कृतीचं हस्तांतरण ती कृती जन्मल्यावरच लागू होतं (कलम १८). म्हणून वर्ष ऑगस्ट २०२२ पासून न मोजता जानेवारी २०२३ पासून मोजा, म्हणजे प्रकाशकाला खुसपट काढायला जागा राहत नाही. तसं मोजलं तरी ते जानेवारी २०२४ मध्ये संपलं.

प्रकाशकाचा खरा बचाव वेगळा असेल. ‘करार एक, मालिका एक, पहिला अंक वेळेत छापला, म्हणजे हक्क वापरला.’ माझ्या मते चार संहिता म्हणजे चार स्वतंत्र साहित्यकृती आणि प्रत्येकीचं वर्ष वेगळं. न्यायाधीश हे मानतीलच, अशी हमी देत नाही. चौथ्या अंकाची जाहिरात झाली होती का, चित्रकाराला आगाऊ पैसे दिले होते का, हेही विचारलं जाईल. नुसती जाहिरात म्हणजे हक्काचा वापर नव्हे, असा युक्तिवाद करता येतो.

छापलेल्या दोन अंकांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. दुसऱ्या पानावर ‘प्रकाशनाचे सर्व हक्क’ दिले आहेत, मुदत लिहिलेली नाही. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर भारत. सावधपणे मोजलं तर जानेवारी २०२८. तिसऱ्या पानावर ‘कायमस्वरूपी’ असेल तर तेही नाही. करारात ‘ऑनलाइन’ हा शब्द नाही म्हणून ऑनलाइन हक्क आपलेच, हे तुमचं म्हणणं मला टिकाऊ वाटत नाही. नव्या माध्यमाचं संरक्षण कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं त्यालाच आहे. २०२२ मध्ये पीडीएफ कोणाला नवी नव्हती. तेव्हा पहिला-दुसरा अंक बाजूला ठेवा.

तिसऱ्या पानावर तुमची सहीच नसेल तर मात्र सगळा डाव फिरतो. लेखकाच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या सहीशिवाय हस्तांतरण वैध नाही.

नायकाची काळजी सोडा. तुम्ही पगारी नोकर नव्हता, त्यामुळे मालकाला पहिला हक्क देणारी कलम १७ मधली तरतूद तुम्हाला लागत नाही. केरळचे व्यंगचित्रकार टॉम्स तर नोकरीत होते. त्यांच्या ‘बोबन आणि मोली’ या पात्रांवरून मलयाळ मनोरमाशी वाद झाला तेव्हा, पात्रं नोकरीआधीची म्हणून त्यांचीच, असं केरळ उच्च न्यायालयाने धरलं. नोकरीत काढलेली चित्रं मात्र वृत्तपत्राची राहिली. तुमच्या २०१९ च्या नोंदी म्हणूनच जपा. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ते न उघडता ठेवायचा सल्ला कोणीतरी दिलेला दिसतो. कायद्यात त्याला काही खास स्थान नाही. तारीखवार ईमेल त्याहून कामाचे, आणि कोर्टात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात.

आता क्रमाने. ईमेलवर आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टाने कराराची पूर्ण प्रत मागा. पान हाती आलं आणि ती ओळ नसली की, तिसऱ्या-चौथ्या अंकाचे हक्क कलम १९(४) खाली संपले असं लेखी कळवा, हरकत असल्यास १५ दिवसांत कळवा म्हणा. हे १५ दिवस कायद्यातले नाहीत, पण त्यातून तुमचा प्रामाणिकपणा दिसतो. पान दिलंच नाही, तर तेही पत्रात नोंदवा. मधल्या काळात दोन्ही संहितांची नोंदणी करा : नमुना १४ चा अर्ज, साहित्यकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, अर्जाला डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवहीतली नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा असतो.

पीडीएफमध्ये फक्त तुमचा शेवटचा मसुदा घ्या. ‘पान ७, चौकट ३ : गच्चीवर पाऊस, नायक पाठमोरा’ हे तुमचं. त्याच्या समासात संपादकाने लाल अक्षरात सुचवलेला फुग्यातला संवाद तुमचा नाही, तो काढा. चित्रकाराची कच्ची रेखाटनं, अंकाचं शीर्षक ज्या अक्षरात छापलं ते बोधचिन्ह, मुखपृष्ठ, यातलं काहीही नको. खाली ‘केवळ वाचनासाठी, चित्रांकन, भाषांतर, ध्वनिमुद्रणासाठी लेखी परवानगी आवश्यक’ असं लिहा. उत्साहाच्या भरात क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापर खुला करणाऱ्या परवान्याचा, शिक्का मारू नका, तो परवाना मागे घेता येत नाही. आणि फुकट वाटलेल्या गोष्टीला नवा प्रकाशक पहिल्या प्रकाशनाचे पैसे देईलच असं नाही.

तक्रार झालीच, तर कॉपीराइट नियम, २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे संकेतस्थळाला ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो. २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवता येतो. नुसत्या धमक्यांवर कलम ६० खाली तुम्ही स्वतः दावा लावू शकता. तसं करा असं मात्र म्हणत नाही. व्यापारी न्यायालयात तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी, मग तारखा, आणि तोवर तुमचे वाचक दाढीमिशा फुटून कामाला लागलेले असतील.

मानधनाचं बोलू. पैसे न मिळाल्याने हक्क आपोआप परत येत नाहीत. ती वेगळी वसुली आहे. करारानुसार पैसे संहिता दिल्यापासून ३० दिवसांत द्यायचे होते. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, ती फेब्रुवारी २०२६ मध्ये पुरी झाली. त्याआधी प्रकाशकाने देणं लेखी कबूल केलं असेल तर मुदत तिथून नव्याने मोजता येईल. ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुसू नका. त्या धमक्यांच्या वरच ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं कुठे लिहिलंय का, आजच वर सरकवून बघा.