सिनेमात, बातम्यांत दाखवतात तसाच असतो का खरा भूकंप आणि दुष्काळ?

तुम्ही विचारलंय की पडद्यावरची आपत्ती आणि अंगावर आलेली आपत्ती यांत फरक किती. पूर माझ्या वाट्याला आला नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. भूकंप आणि दुष्काळ मात्र दोन्ही भोगलेत.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. १९९३ साली सातवीत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून मंडळी उशिरा निजली आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली.

सिनेमात जमीन दुभंगते आणि माणसं त्यात गडप होतात. आमच्याकडं जमिनीनं कुणाला गिळलं नाही, माणसं घराखाली मेली. जुनी घरं म्हणजे दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि जोडायला नुसती माती. बाहेरून दगड, आतून दगड, मधे बारीक खडी आणि चिखल. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती पसरलेलं सपाट छत. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पाट्या-पाट्यांनी नवी पांढरी माती टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून त्या मातीचं कौतुकच होतं. आजोबा-पणजोबांनी टाकलेली ती सगळी माती त्या पहाटे अंथरुणावर आली.

मला हादऱ्यापेक्षा धूळ जास्त आठवते. वडिलांनी बॅटरी लावली तर उजेड हातभरसुद्धा पुढं जाईना. तोंडात माती, दातांखाली कचकच. आमची भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली, म्हणून आज हे लिहितोय.

किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा. तेवढे भूकंप जगात दरवर्षी शंभरेक होतात, पण सगळीकडं एवढे जीव जात नाहीत. भूकंपाच्या नकाशात आमचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळं भिंत कशी बांधावी हे गवंड्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बातम्यांत 'निसर्गाचा कोप' हा शब्द आला की मला राग येतो तो याचसाठी. कोप म्हटलं की भिंतीची चौकशीच थांबते. आमच्याकडं लोकांनी दोष दगडाला दिला आणि कित्येक जण पुढं वर्षानुवर्षं पक्कं घर सोडून पत्र्याखाली झोपले.

दुष्काळाचं चित्र तर आणखी चुकीचं. बातमी कुठलीही असो, फोटो भेगाळलेल्या जमिनीचा. अहो, काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच! चांगल्या सालीही पडतात. ओली झाली की फुगायची आणि वाळली की आकसायची, ही त्या मातीची जातच आहे. पुष्कळदा तर तो फोटो शेताचा नसतोच, आटलेल्या तलावाच्या गाळाचा असतो.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे डबे, ५ लाख लिटर. सगळे कॅमेरे गाडीकडं. तोवर मी लातुरात राहायला आलो होतो. ते पाणी टँकरनं आमच्या गल्लीत पोचायला आठवडा-आठवडा लागायचा आणि दारातल्या दोनशे लिटरच्या टाकीला आम्ही कुलूप लावायचो. शेजाऱ्यांनीही लावलेलं. एका भिंतीआड राहणाऱ्या माणसांनी एकमेकांपासून पाणी कुलपात ठेवावं, याची मला आजही लाज वाटते. ती कुलपं मी कुठल्याच बातमीत पाहिली नाहीत.

तुम्हाला खरंच दुष्काळ बघायचा असेल तर अशा साली मार्च-एप्रिलात जनावरांच्या आठवडी बाजारात जा. दावणीची गाय घेऊन आलेला माणूस दिवस मावळेपर्यंत उभा असतो. गिऱ्हाईक येतं, कडब्याचा भाव काय चाललाय विचारतं, आणि गाईकडं न बघताच पुढं जातं.