घरातल्या वस्तूंपासून नक्षीकामासाठी प्लास्टर कसे करावे आणि त्याला भेगा का पडतात?

आपण लिहिले आहे की पुठ्ठ्यावर लिंपणासारखी, म्हणजे कच्छकडे भिंतींवर माती आणि आरशांची करतात तशी, उठावदार नक्षी करण्यासाठी आपण मैदा आणि फेविकॉल कालवून घेतले, पण दुसऱ्या दिवशी नक्षीला भेगा पडल्या आणि पुठ्ठाही वाकला. तर प्लास्टर ऑफ पॅरिस न आणता घरच्याच वस्तूंपासून टिकाऊ प्लास्टर कसे करावे, असा आपला प्रश्न आहे. कागदाच्या लगद्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, म्हणून कृतीआधी भेगांचे कारण सांगते. ते एकदा कळले की हाताशी जे असेल त्यानुसार प्रमाण आपले आपल्याला ठरवता येते.

प्लास्टर ऑफ पॅरिस वाळून कडक होत नाही, ते सेट होते. जिप्सम हे खनिज साधारण 150 अंश सेल्सियसला तापवून त्यातले बरेचसे पाणी काढून टाकलेले असते. आपण त्या भुकटीत पाणी घातले की ते स्फटिकांत बांधले जाते आणि पुन्हा जिप्सम तयार होते. त्यामुळे ते आकसत नाही, उलट किंचित फुगते आणि साच्याचा बारीक कोपराही भरून काढते. मैदा, मीठ, कॉर्नफ्लॉवर यांत असे काही घडत नाही. त्यांतले पाणी उडून जाते, जागा रिकामी होते आणि सगळा थर आकसतो. शाळेतले खडू कुटून पाण्यात भिजवले की प्लास्टर होते, ही समजूतही चुकीची आहे, कारण खडू जिप्समचा असला तरी तो आधीच सेट होऊन गेलेला असतो. घरात सापडणारा आणि खरोखर रासायनिक क्रियेने घट्ट होणारा पदार्थ म्हणजे पानाला लावायचा चुना. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो, आणि जुन्या वाड्यांचा गिलावा याच गुणावर उभा आहे. परंतु त्याला फार वेळ लागतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून मुलांसोबतच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

तेव्हा घरच्या मिश्रणात पाणी कमीत कमी ठेवणे आणि न आकसणारी भर जास्तीत जास्त घालणे, हाच खरा उपाय आहे. माझ्या मते यासाठी अंड्यांच्या कागदी ट्रेइतकी चांगली वस्तू नाही. ट्रेचे बारीक तुकडे करून रात्रभर गरम पाण्यात भिजत घालावेत, सकाळी मिक्सरच्या जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या भांड्यात भरपूर पाण्यासह थोडे थोडे फिरवावेत आणि फडक्यात बांधून घट्ट पिळून घ्यावेत. मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी न गळता केवळ तळवा ओलसर व्हावा, इतके पिळणे आवश्यक आहे. बहुतेक कामे इथेच बिघडतात. असा एक वाटी लगदा मोकळा करून त्यात अर्धी वाटी फेविकॉल आणि एक चमचा जवसाचे तेल घालावे, नंतर रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची भुकटी साधारण एक वाटी, थोडी थोडी करून, पोळीच्या कणकेसारखा गोळा होईपर्यंत मळत जावी. पूर्वी आपल्याकडे बांबूच्या टोपल्या आणि सुपे लगद्याने लिंपताना त्यात भिजवून वाटलेली मेथी घालत. तिचा बुळबुळीतपणा लगदा छान धरून ठेवतो, त्यामुळे एक चमचा मेथी आपणही जरूर घालून पाहावी. अनेक कृतींत व्हिनेगर किंवा लिंबाचा रस सांगितलेला असतो. तो कॉर्नफ्लॉवर शिजवून केलेल्या मिश्रणात चालतो, पण भुकटी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर आम्लाने बुडबुडे येऊन मिश्रण सच्छिद्र होते.

पुठ्ठा वाकतो तो एकाच बाजूने ओल बसल्यामुळे. लिंपण्याआधी दोन्ही बाजूंना पातळ केलेल्या फेविकॉलचा हात मारून तो वजनाखाली पूर्ण वाळू द्यावा. शक्य असेल तर पुठ्ठ्याऐवजी एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, तुकडाच घ्यावा. थर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नये आणि जास्त उठाव हवा असेल तर पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा. आरसे मात्र ओल्यातच दाबून बसवावेत. काम उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण वरचा भाग आधी वाळतो, आतला नंतर आकसतो आणि नेमक्या त्या ताणाने भेग पडते. वाळले की नाही हे पाहण्यासाठी हाताची मागची बाजू नक्षीला टेकवावी. गार लागले तर आत अजून ओल आहे. तरीही एखादी बारीक भेग दिसली तर तेच मिश्रण पातळ करून तिच्यात भरावे, मग पॉलिश पेपरने घासून रंग द्यावा. घासताना नाकातोंडावर रुमाल बांधावा.

मैदा-मिठाचा गोळा दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि सुमारे एक वाटी पाणी या प्रमाणात लहान मुलांना खेळायला उत्तम आहे, पण मीठ हवेतली ओल ओढते आणि कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात ती नक्षी मऊ पडते. कायम भिंतीवर राहणाऱ्या कामाला तो वापरू नये.

आपल्याला साच्यात ओतून आकार काढायचे असतील, तर वरचे कोणतेच मिश्रण उपयोगी पडणार नाही. तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसच आणावे. पाण्यात भुकटी भुरभुरावी, भुकटीत पाणी ओतू नये. सेट होताना ते चांगलेच तापते, त्यामुळे मुलांच्या हाताचे ठसे घेण्यासाठी त्यात हात बुडवून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. उरलेले मिश्रण कधीही बेसिनमध्ये ओतू नये; ते पाइपमध्येही तितकेच घट्ट होते.