मुलीला एका सेमिस्टरसाठी जर्मनीला पाठवावं का?

सांगलीहून एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठाशी एक्स्चेंजचा करार आहे आणि निवड यादीत तिचं नाव आलंय. पाचवं किंवा सातवं सेमिस्टर तिकडे करता येईल. तिकडची फी माफ, राहण्याजेवण्याचा खर्च आमचा. तिची आई म्हणते, जाऊ दे. मला भीती वाटते की सहा महिने फिरण्यात जातील, इथलं वर्ष मागे पडेल आणि प्लेसमेंटही हुकेल. काय करावं?

सप्रेम नमस्कार,

पाठवा, पण पाचव्या सेमिस्टरला. सातव्या सेमिस्टरमध्ये कॅम्पस प्लेसमेंटचा मुख्य हंगाम असतो, त्या काळात ती इथेच हवी. फिरण्यामुळे वर्ष वाया गेल्याची उदाहरणं कमी असतात. वर्ष वाया जातं ते कागदपत्रांमुळे: तिकडे पास झालेले विषय इथल्या परीक्षा विभागाने धरलेच नाहीत, किंवा परत आल्यावर हजेरी भरली नाही, म्हणून. ही दोन्ही कामं ती विमानात बसण्याआधी मार्गी लावायची आहेत.

आधी वेळापत्रकाचा पेच बघा. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, नंतर परीक्षा. तुमच्याकडे पाचवं सेमिस्टर जुलैत सुरू होतं आणि सहावं जानेवारीत. म्हणजे जुलै ते सप्टेंबर तिच्या हाती मोकळे, आणि सहाव्याचे पहिले दोन-अडीच महिने ती वर्गात नसणार. 75 टक्के हजेरीचा नियम इथे आडवा येतो. विभागप्रमुख तोंडी ‘बघू, करू’ म्हणतील, तेवढ्यावर थांबू नका. हजेरीची सवलत, चुकलेल्या प्रॅक्टिकल्सची भरपाई आणि अंतर्गत परीक्षेची दुसरी तारीख, तिन्ही गोष्टी डीनच्या सहीने लेखी घ्या. सहाव्या सेमिस्टरचा एखादा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) कॉलेज ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करू देत असेल तर उत्तम. त्यावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांचे, जानेवारीचे कोर्स श्टुटगार्टमध्ये बसून ऐकता येतात आणि परीक्षा एप्रिलमध्ये भारतात आल्यावर देता येते.

आता लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात, हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावर विद्यार्थिनी, तुमचं कॉलेज आणि श्टुटगार्ट अशा तिघांच्या सह्या लागतात. इथे नेहमीच्या तीन अडचणी येतात. पहिली: बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. विषय यादीत दिसतो, पण तो उन्हाळी सेमिस्टरचा निघतो. प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकात तो कोणत्या सेमिस्टरमध्ये असतो ते दिलेलं असतं, ते बघूनच निवडा. दुसरी: बॅचलरचे बहुतेक विषय जर्मनमधून असतात, इंग्रजीतले जास्त करून मास्टर्सचे. बॅचलरच्या एक्स्चेंज विद्यार्थिनीला ते घेता येतील का, हे तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तिसरी: तिथे पोचल्यावर दोन विषयांच्या वेळा एकमेकींवर येतात. म्हणून दोन पर्यायी विषयांना इथूनच मंजुरी घेऊन ठेवा. बदल करायचाच झाला तर पहिल्या काही आठवड्यांत करून पुन्हा तिन्ही सह्या घ्यायच्या.

युरोपात एका सेमिस्टरचं पूर्ण ओझं 30 ईसीटीएस क्रेडिट मानतात, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास. परक्या देशात पहिल्याच सेमिस्टरला 24च्या आसपास घेतलेले बरे. गुणांची गंमत अशी की तिथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास आणि 5.0 नापास. या श्रेणी तुमच्या सीजीपीएमध्ये कोणत्या तक्त्याने बदलणार, तेही परीक्षा विभागाकडून आधीच लेखी घ्या. तिथे 2.0 ही चांगली श्रेणी आहे, पण इथे ती कोणी चुकीच्या तक्त्याने उतरवली तर नुकसान मुलीचं.

तिला आणखी एक गोष्ट पक्की सांगा: विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. परीक्षेची नोंदणी विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी करावी लागते आणि तिची मुदत ठरलेली असते. ती मुदत चुकली तर सबंध सेमिस्टर तासिकांना बसूनही पेपर देता येत नाही. बऱ्याच विषयांत सगळे गुण शेवटच्या एका पेपरवर असतात आणि फेरपरीक्षा पुढच्या सेमिस्टरमध्ये, जेव्हा ती पुण्यात असेल.

पैशांचं बोलू. व्हिसासाठी स्वतंत्र खात्यात रक्कम अडकवून ठेवावी लागते. त्याचा दर महिन्याला 992 युरो आहे, सहा महिन्यांचे 5,952. हे पैसे तिला तिथे महिन्याच्या हप्त्याने मिळतात आणि साध्या राहणीला पुरतात: विद्यार्थी वसतिगृहाची खोली साधारण 300 ते 420, आरोग्य विमा 140 ते 150, जेवणखाण 200च्या पुढे, वर फोन आणि प्रवास. व्हिसाची फी 75 युरो. त्याशिवाय विमानाचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट, विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी आणि गरम कपडे. एका युरोला 100 रुपये धरले तर सगळं मिळून साडेसात लाखांची तयारी ठेवा.

खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते. अडकवलेल्या खात्यातला पहिला हप्ता तिथे बँक खातं उघडल्याशिवाय मिळत नाही, आणि खात्यासाठी बहुधा पत्त्याची नोंद मागतात. म्हणून फॉरेक्स कार्डावर 1,200 ते 1,500 युरो वेगळे द्या. पत्त्याची नोंद राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात करायची असते. त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, ती खोली पक्की होताच इथूनच घेऊन ठेवावी. विमा मात्र दोन टप्प्यांत लागतो: पोचल्यापासून विद्यापीठातल्या नोंदणीपर्यंत प्रवास विमा, नंतर विद्यार्थ्यांचा सार्वजनिक विमा.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्राची वाट न बघता, अर्ज घेणं सुरू होईल त्या दिवशीच करा. मेकॅनिकलचे बरेचसे वर्ग फाइहिंगन कॅम्पसवर भरतात, तिथे एस-बानचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं, स्वतःचं स्टेशन आहे. जवळ खोली मिळाली तर डिसेंबरात, जेव्हा साडेचारलाच अंधार पडतो, फार सोयीचं होतं. खोलीत गादी असते, पण पांघरूण-उशी बहुधा स्वतःची आणावी लागते. करार बहुतेकदा 31 मार्चपर्यंतचाच असतो. आधी निघाली तरी भाडं भरावं लागेल, ते हिशेबात धरा.

सामानात तूप, पेढे, बर्फी, पनीर देऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चकली, डाळी चालतात, पुड्या सीलबंद असाव्यात. कुकर इंडक्शनवर चालणारा, स्टीलचा घ्या, ॲल्युमिनियमचा तापत नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. मोहरी-मिरचीच्या धुराने गजर वाजला की अख्खी इमारत खाली येते, आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल मागे लागू शकतं.

राहिला फिरण्याचा विषय. तिने फिरावं, मनापासून फिरावं, फक्त अभ्यासाच्या वेळापत्रकाच्या भोवती. नाताळच्या सुट्टीचे साधारण दोन आठवडे आणि परीक्षा संपल्यापासून परत निघेपर्यंतचे दिवस हे लांबच्या प्रवासाचे काळ. एरवी शनिवार-रविवार. 2026पासून दरमहा 63 युरो असलेल्या डॉइचलांड तिकिटावर देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या चालतात, पण आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. चुकून त्यात बसली तर दंड. ते रद्द करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. श्टुटगार्टहून या तिकिटावर ट्युबिंगन, उल्म, कोन्स्टान्झ सहज होतात. सीमेवरच्या केल गावापर्यंत जाऊन ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. स्वस्तातलं आयसीईचं तिकीट त्याच एका गाडीपुरतं असतं, चुकली की पैसे गेले. गाडी 60 मिनिटं उशिरा पोचली तर मात्र भाड्याच्या 25 टक्के, 120 मिनिटांना 50 टक्के परत मिळतात.

जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इतर शेंगेन देशांत (सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. लंडन आणि डब्लिन त्यात येत नाहीत. सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट जवळ हवा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही. त्यामुळे जर्मन सिमचं मोफत रोमिंग तिथे असेलच असं नाही, आणि विम्यासाठी वेगळी प्रवास पॉलिसी घ्यावी.

परत निघताना पत्त्याची नोंद रद्द करायची, पण बँक खातं लगेच बंद करायचं नाही. डिपॉझिट खोली तपासून झाल्यावर कधी कधी दोन-तीन महिन्यांनी येतं. गुणपत्रक निकालानंतर थेट तुमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला पाठवण्याची विनंती ती निघण्याआधीच इंटरनॅशनल ऑफिसकडे देऊन ठेवू दे.